पाण्यातलं चाक

आमच्या घरात शांतता अशी कधी नांदलीच नाही. घराला लागून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, इंजिन दुरुस्तीचा कारखाना होता. कारखाना हा शब्द आबांचा. खरं तर ती पत्र्याची एक लांबट शेड होती आणि पंचक्रोशीतल्या विहिरींवरची आजारी इंजिनं तिथे माहेरपणाला आल्यासारखी पडून असत. सकाळी आबा पहिल्या इंजिनाला हँडल मारत, ते दोनदा खोकून सुरू होई, आणि आमच्या स्वयंपाकघरात फळीवरचे पेले एकमेकांवर किणकिणायला लागत. आई त्या किणकिणाटातच दादर ज्वारीच्या भाकरी थापायची. भाकरी, मिरचीचा ठेचा, वर कच्च्या तेलाची धार. हिवाळ्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. सगळ्याला डिझेलचा बारीकसा वास असायचाच. मला तो वास म्हणजेच अन्नाचा वास वाटायचा. पुढे शहरात दुसऱ्यांच्या घरी जेवताना काहीतरी कमी आहे असं वाटायचं, ते डिझेल होतं हे कळायला मला बराच काळ लागला.

मी जात्याच उतावळी. आई म्हणायची, ही सातव्या महिन्यात जन्माला आली ती घाईपोटीच. एका जागी बसून दोन भाकरी खाणं मला जमत नसे. एक बसून खायची आणि दुसरी हातात घेऊन कारखान्यात. आबांना मुलगा नव्हता, मी एकटीच होते. गावातल्या बायका आईला विचारत, पोरीच्या हाताला घासलेटचा वास येतो, तिचं पुढं कसं व्हायचं? आई सावद्याची. 'मला' म्हणायचं तर ती 'मले' म्हणायची आणि आमच्या गावची माणसं 'माले', आणि एवढ्यावरून सासरी तिची वर्षानुवर्षं थट्टा झालेली. त्यामुळे बोलणाऱ्यांना उत्तर द्यायची तिला चांगली सवय होती. "मले तर बाई तो वास आवडतो," एवढंच म्हणून ती आपल्या कामाला लागायची.

आमचं गाव तापीच्या शिरपूरकडच्या काठावर. खाली कुठेतरी बंधारा झाला आणि आमची नदी फुगली. पूर्वी उन्हाळ्यात माणसं बैलगाड्या घालून पलीकडे जायची, तो उतार बुडाला. पलीकडच्या काठाने धुळ्याची एसटी जायची. पण पुलावरून तिकडे पोचायचं तर अर्धा दिवस मोडायचा. तेव्हा आबांनी नाव करायचं मनावर घेतलं. सांगाडा बांधला दगडूनानांनी. ते भोयांतले, नदीवर मासे धरण्यात हयात गेलेली. आबांनी नावेत विहिरीवरचं एक जुनं इंजिन बसवलं, मागे पाण्यात पितळेचा पंखा, आणि इंजिनापासून पंख्याच्या दांड्यापर्यंत पिठाच्या गिरणीत असतो तसा चामड्याचा पट्टा. बोटीचं शास्त्र आबांना कुठलं ठाऊक असायला? त्यांना विहीर ठाऊक होती आणि गिरणी ठाऊक होती. त्या दोन्ही त्यांनी नावेत आणून ठेवल्या आणि नाव चालली.

शिडाची कल्पना मात्र आईच्या बिबड्यांतून निघाली. आमच्याकडे चैत्र-वैशाखात ज्वारीचं आंबवलेलं पीठ शिजवून त्याचे पापडासारखे बिबडे घालतात, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पांढरी धोतरं अंथरून त्यांवर थापतात. त्याच दिवसांत तापीच्या खोऱ्यात पश्चिमेचा वारा सुटतो. सकाळी दहाच्या सुमाराला सुरू होतो आणि दिवेलागणीपर्यंत थांबायचं नाव घेत नाही. दारं आपटतात, पत्रे वाजतात, माणसं उगाच एकमेकांवर खेकसतात. एका वर्षी आईने धोतराची टोकं खाटेच्या पायांना बांधली होती. वारा धोतरात शिरला आणि बिबड्यांसकट खाट धाब्यावरून सरकत कठड्यापर्यंत गेली. आई कपाळाला हात लावून बसली. आबा खाली उभे राहून वर बघत होते.

"देख, देख," ते मला म्हणाले, "हाऊ वारा खाट वढी ऱ्हायना."

"बिबडे मातीत गेले अन् तुमाले खाट दिसते," आई वरून म्हणाली.

महिन्याच्या आत नावेवर बांबूची डोलकाठी उभी राहिली आणि आईने गोणपाट, जुनं धोतर आणि एका ताडपत्रीचा तुकडा जोडून शीड शिवून दिलं. शिवताना ती इतकी बडबडत होती, की त्या शिडात वाऱ्याआधी तिचंच बोलणं भरलं असावं. दगडूनाना हे सगळं लांबून बघत होते. "नावले पाय ऱ्हातस," ते म्हणाले, "पंख नही ऱ्हातस." पण एसटीचा थांबा वरच्या अंगाला, पूर्वेकडे होता, आणि वारा पश्चिमेचा. जाताना शीड, येताना इंजिन, असा आमचा संसार सुरू झाला. शीड आणि सुकाणू माझ्याकडे, इंजिन आबांकडे.

आणि मग तो आवाज आला. पहिल्यांदा शिडावर निघालो तेव्हा आबांनी इंजिन बंद केलं, पट्टा उतरवून ठेवला, आणि आम्ही दोघं हसत एकमेकांकडे बघायला लागलो, कारण इतकी वर्षं कानात बसलेली टुकटुक प्रथमच गेली होती. क्षणभरच. पायाखालून घरघर ऐकू यायला लागली. बंद घरात कोणी जातं ओढतंय तसा आवाज. इंजिन तर बंद. आबांनी फळी उचलून पाहिलं तर पंख्याचा दांडा आपोआप गरागरा फिरत होता. वारा नाव ढकलत होता, नाव पाण्यातून जात होती, आणि मागून जाणारं पाणी पंखा फिरवत होतं. आपण पंख्याने नाव चालवतो. इथे नावच पंखा चालवत होती. मला त्याची भारी गंमत वाटली. आबांना वाटली नाही.

"फिरू द्या ना," मी म्हटलं. "फिरनारं लोखंड गंजस नही, तुमीच सांगतस."

"कामले फिरनारं," आबा म्हणाले. "हाई बिनकामनं फिरी ऱ्हायनं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. दांडा जिथून नावेच्या बाहेर जातो तिथे पाणी आत येऊ नये म्हणून ग्रीस माखलेली सुताची दोरी ठासलेली असते, पंपाच्या ग्लँडमध्ये असते तशीच. दांडा सारखा फिरत राहिला की ती दोरी झिजायची आणि नावेत पाणी यायचं. आठ दिवसांत दोनदा दोरी बदलावी लागली. पट्टा चढवूनच ठेवला तर तो घसरून जळका वास सुटायचा. म्हणून शिडावर असताना दांडा बांधून ठेवायचा असं ठरलं. आबांना वाटायचं, थांबलेला पंखा पाणीही कमी अडवत असणार. मला ते पटेना. मी काठावरच्या दोन बाभळी धरल्या आणि त्या दोन झाडांमधलं अंतर जायला किती आकडे मोजावे लागतात ते सबंध आठवडाभर मोजलं, कधी पंखा बांधून, कधी मोकळा सोडून. मोकळा पंखा असला की नाव थोडी का होईना, पण लवकर पोचायची. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, लवकर पोचून नावेत पाणी भरून घ्यायचं असेल तर मोकळा ठेव. दोघांचंही खरं होतं. अशा भांडणात फार मजा असते, आणि तसं भांडायला मला नंतर कोणी मिळालं नाही.

बांधायची रीत अशी होती. आधी मी शीड पाडायची. नाव मंदावली की दांडाही मंदावायचा. मग आबा दांड्यावरच्या चाकाला, म्हणजे ज्यावर पट्टा चढतो त्या चाकाला, गोणपाट लावून ते थांबवायचे, दोरीने आवळायचे, आणि मी पुन्हा शीड चढवायची. ही गोणपाटाची सवय शेतातली. विहिरीवरचं इंजिन बंद केलं की त्याचं जड चाक बराच वेळ आपल्याआप फिरत राहतं, आणि आमच्याकडचा प्रत्येक इंजिनवाला, घरी जायची घाई असली की, गोणपाटाची घडी त्या चाकाला दाबून ते थांबवतो. मीही थांबवलेलं आहे. हाताला जरा चटका बसतो, बाकी काही होत नाही.

दहावीचा निकाल लागला आणि मला धुळ्याच्या तंत्रनिकेतनात पदविकेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. आता हे वाचायला सोपं वाटतं. त्या वेळी आमच्या गावातून मुलगीच काय, मुलगाही त्या वाटेला गेला नव्हता. अर्ज आबांनीच आणला होता आणि सहीही झोकदार केली होती. सही करायला त्यांना आवडे; शाळा चौथीत सुटली तरी अक्षर वळणदार होतं. मुलाखतीआधीचे पंधरा दिवस मी घरात कोणाला स्वस्थ बसू दिलं नाही. प्रमाणपत्रं पिशवीत घालायची, काढायची, पुन्हा मोजायची. आई म्हणाली, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. मला त्या गावातून, त्या वाऱ्यातून, त्या पत्र्याच्या आवाजातून निघायचं होतं, आणि निघायचं म्हटलं की छातीत काहीतरी लकलकायचं. ते नक्की काय होतं, आनंद की भीती, हे आजही मला सांगता येणार नाही.

मुलाखतीच्या दिवशी, जून लागला होता पण पावसाचा पत्ता नव्हता, निघायला उशीर झाला तो आईमुळे. धुळ्यात देवपुरात आबांचे एक मावसभाऊ राहत, मुलाखतीनंतर त्यांच्याकडे उतरायचं होतं, तर रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून आईने बिबड्यांचा डबा भरला, मग ठेच्याची बरणी, मग ती सांडू नये म्हणून तिला फडकं. मी दारात एका पायावर उभी. नदीवर पोचलो तर वारा आधीच सुटलेला, रोजच्यापेक्षा जोरात. आबांनी इंजिनावर नाव काठापासून लांब काढली, इंजिन बंद केलं, पट्टा उतरवला. इथे त्यांनी दांडा बांधायचा आणि मग मी शीड चढवायचं. पण मला लांबवर पलीकडच्या काठाच्या रस्त्यावर धूळ दिसली. एसटी होती की ट्रक कोण जाणे. मी शीड चढवून मोकळी झाले.

नाव अशी उसळली, की आबा फळीवर बसलेच. खालून घरघर सुरू झाली आणि बघता बघता तिचा सूर चढला. आबा वळून म्हणाले, "शीड पाड पोरी. पहिले बांधू दे."

मी ते ऐकलं. हे मला इथे स्वच्छ लिहायचं आहे, कारण पुढची कित्येक वर्षं मी स्वतःलाच सांगत आले की वाऱ्यात ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. शीड पाडायचं, पुन्हा चढवायचं, एवढ्यात ती धूळ थांब्यापर्यंत पोचली असती. शिवाय मोकळा पंखा असला की नाव पळते हे मीच तर मोजलं होतं. मी कानाडोळा केला. सुकाणूकडे फारच लक्ष असल्यासारखी मान खाली घातली. आबांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, ते मला न बघताही कळत होतं. मग त्यांनी फळी उचलली, गोणपाटाची घडी केली आणि फिरत्या चाकाला लावली.

शेतातलं चाक इंजिन बंद झाल्यावर मरणाच्या वाटेला लागलेलं असतं. आपण गोणपाट लावतो तेव्हा फक्त त्याची घाई करतो. हे चाक तसं नव्हतं. त्याच्यामागे सगळा वारा होता आणि सगळी नदी होती, आणि वारा थांबल्याशिवाय ते थांबणारच नव्हतं. चाक दांड्यावर पक्कं बसावं म्हणून लोखंडाची एक चपटी चावी ठोकलेली असते, तिचं टोक बोटभर बाहेर होतं. त्या टोकाने गोणपाट पकडलं, दांड्याभोवती गुंडाळलं, आणि गोणपाटाबरोबर आबांचा उजवा हात आत नेला.

आबा ओरडले नाहीत. हुं, असा एक आवाज आला, ओझं उचलताना येतो तसा. मी बघितलं तेव्हा ते गुडघ्यावर होते आणि खांद्यापर्यंत खाली ओढले गेले होते. शिडाचा दोर मी खुंटीला गाठ मारून बांधला होता, ताणाने ती गाठ सुटेना. नावेत केळीचे घड कापायचा कोयता असायचा. मी दोर कापला. शीड फडफडत बाजूला गेलं, नाव आडवी झाली, घरघर उतरत उतरत थांबली. मग मी दांडा दोन्ही हातांनी उलटा फिरवला, थोडाथोडा, आबा सांगतील तसा. "अजून. अजून थोडं. आते थांब." कारखान्यात बेअरिंग काढताना बोलायचे त्याच आवाजात ते बोलत होते. हात बाहेर आला. पहिली दोन बोटं नव्हती म्हणावीत अशी होती. मी आईने बरणीला बांधलेलं फडकं काढलं आणि हाताला गुंडाळलं, आणि ठेच्याची मिरची त्याला लागली असेल की काय या विचाराने मला रडू फुटलं. बोटांवरून नाही, मिरचीवरून.

इंजिन मी एकटीने कधी सुरू केलं नव्हतं. ते हँडल फिरवायला गड्याचं बळ लागायचं. त्या दिवशी फिरलं. पट्टा चढवला, पलीकडच्या काठाला नाव लावली. ती धूळ ट्रकची होती. एसटी त्यानंतर बऱ्याच वेळाने आली. म्हणजे शीड पाडायला, दांडा बांधायला, पुन्हा चढवायला, वाटेत थांबून चार गोष्टी बोलायलाही वेळ होता. हे मी कोणाला सांगितलं नाही.

एसटीच्या वाहकाने आबांचा हात पाहिला, घंटीची दोरी दोनदा ओढली आणि चालकाला ओरडून सांगितलं, आता थेट धुळं. आबांना पुढच्या बाकावर बसवलं. फडकं भिजून काळं पडलं होतं. ते डोळे मिटून होते, मला वाटलं शुद्ध हरपली. धुळ्यात शिरताना उत्तरेकडून आधी देवपूर लागतं. शाळा, घरं, लिंबाची झाडं, आणि मग त्या तंत्रनिकेतनाच्या फाटकाची कमान दिसली. मी ती आधी कधी पाहिली नव्हती, पण पाटीवरचं नाव बोलावण्याच्या कागदावर पंधरा दिवस रोज वाचलेलं होतं. आबांनी डोळे उघडले.

"उतर," ते म्हणाले. "तुनं कालेज उनं."

"आबा, उगी ऱ्हा."

"मी जास दवाखानामा. कंडक्टर शे. तू उतर पोरी."

वाहक माझ्याकडे बघत होता, गाडी थांबवू का अशा नजरेने. मी मान हलवली, नाही म्हणून. कमान मागे गेली. पांझरेचा पूल आला, नदीत पाणी नव्हतं, नुसती वाळू. आबांनी पुन्हा डोळे मिटले आणि दवाखान्यापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या दोन-तीन मैलांत ते माझ्यावर जेवढे रागावले तेवढे आयुष्यात कधी रागावले नसतील.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? "मनीच चूक," आबा म्हणाले. "चालतं चाक धरं मी." आई दुसऱ्या दिवशी आली, तिला त्यांनी तेच सांगितलं, वर म्हणाले, "दोन बोटं गयात, हात शे ना." आई त्यांच्या पायाशी बसून राहिली. बोलक्या बाईचं बोलणं असं एकाएकी बंद झालं की घाबरायला होतं. मला शिडाबद्दल तेव्हाच सांगून टाकायचं होतं. जीभ उचलली नाही.

त्या वर्षीची जागा गेली. ती मी स्वतःला केलेली शिक्षा समजले आणि खरं सांगायचं तर मला त्यात थोडं बरंही वाटलं. शिक्षा झाली की माणूस सुटतो ना. वर्षभर मी आबांचा उजवा हात झाले. ते सांगायचे, मी पाना फिरवायचे. गिऱ्हाइकं आधी हसली, मग सवयीने येऊ लागली. आबा डाव्या हाताने जेवायला शिकले, दाढी करायला शिकले, आणि शिकताना इतके चिडायचे, की आम्ही दोघी खोली सोडून जायचो.

नावेचं काम मात्र मी हाती घेतलं. चाक थांबवायचं कसं हा विचार मला झोपेतही सोडत नव्हता. आधी जाड दोरीचा फास केला. पण दोरी बांधलेली विसरून कोणी इंजिन सुरू केलं तर? एकदा मीच विसरले होते, पट्टा तुटून कानाजवळून गेला. लाल चिंधी बांधून पाहिली; चिंधीकडे चार दिवस लक्ष जातं, पाचव्या दिवशी ती दिसेनाशी होते. मग एका दुपारी, हँडल मारून थकल्यावर ते हातातच धरून बसले होते, तेव्हा सुचलं. चाकाच्या आऱ्यांमधून काहीतरी आडवं घालायचं, आणि ते काहीतरी म्हणजे हे हँडलच. नावेच्या लाकडाला मी दोन लोखंडी कड्या ठोकून घेतल्या. शीड ढिलं सोडायचं, दांडा थांबला की कडीतून, आऱ्यांमधून, दुसऱ्या कडीत हँडल सरकवायचं. आता पंखा फिरत नाही. आणि इंजिन सुरू करायचं तर हँडल लागणारच, ते काढल्याशिवाय सुरू कसं करणार? विसरायची सोयच उरली नाही. मी आबांना दाखवलं. त्यांनी ते चारदा घातलं, चारदा काढलं, डाव्या हाताने.

"आते कोनी हात घालाव नही," एवढंच म्हणाले. पुढे पस्तीस वर्षं मी मुलांना यंत्रशाळेत शिकवलं. माणसाने लक्ष ठेवावं यावर भिस्त ठेवायची नाही, यंत्रानेच चूक होऊ देता कामा नये, हे मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगत असे. ते कुठून आलं ते सांगत नसे. आता गुडघे दुखतात, देवपुरातल्या या घरात बसून लिहिते, आणि आजही पंख्याचं बटण बंद केल्यावर पातं पूर्ण थांबेपर्यंत खोलीतून बाहेर पडवत नाही. नातवंडांना त्याची गंमत वाटते.

दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्जाचे दिवस आले. आबांनी एकाला धुळ्याला पाठवून कोरा अर्ज आणवला आणि माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, मी जाणार नाही. कारखाना कोण बघणार? ते म्हणाले, मी बघेन. मी म्हटलं, कसे? हे बोलायला नको होतं. आई चुलीपाशी होती, तिचा हात थांबला. मग माझ्याच्याने राहवेना.

"आबा, त्या दिन तुमी 'शीड पाड' म्हनात. ते मी ऐकेल व्हतं."

आबांनी अर्ज जरा सरळ केला. "माहीत शे," ते म्हणाले.

मग अर्जाकडेच बघत ते पुढे बोलले.

"मी एकदावच सांगं. दुसरांदाव सांगतू ते तुले पाडनंच पडतं. मी नही सांगं. तुनी यष्टी चुकाले नको आसं मालेबी वाटी ऱ्हायंतं." मग जरा चिडूनच म्हणाले, "बोटं मना गयात, चूक मनी शे. तिनामा वाटा मांगू नको. कारखानामा वाटा माग, देसू. हाईमा नही."

मी रडत होते. आई येऊन माझ्याजवळ बसली, तिच्या हाताला पीठ होतं. "भर बाई तो कागद," ती म्हणाली. मी भरला. नाव, गाव, गुण. खाली पालकाच्या सहीची रिकामी जागा होती. मी काही न बोलता कारखान्यातली शाईची डबी आणली. सोसायटीतून कागद आला की गेलं वर्षभर मीच त्यांचा अंगठा धरून उठवत होते.

आबांनी डबी बाजूला सारली. "पेन दे," म्हणाले. डाव्या हातात पेन धरलं, दुखरा उजवा हात कागदावर वजनासारखा ठेवला आणि सही केली. पूर्ण नाव, सावकाश, पण एकदाही न अडखळता, आणि शेवटच्या अक्षराला पूर्वीसारखाच फाटा. आई आणि मी एकमेकींकडे बघायला लागलो.

अर्ज ठेवायला पाकीट हवं म्हणून मी त्यांच्या हत्यारांच्या पेटीच्या खालच्या खणात हात घातला. तिथे भिंतीवरच्या कॅलेंडरची फाडलेली पानं गुंडाळून ठेवली होती. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर वरपासून खालपर्यंत त्यांची सही होती, शेकडो वेळा. वरच्या पानांवर ओळखू येणारी. त्याखाली वाकडी, त्याखाली नुसत्या रेघोट्या, कागद फाटेपर्यंत दाबलेल्या. सगळ्यात तळचं पान मी उलटून पाहिलं. ते मागच्या वर्षीच्या जून महिन्याचं होतं.